तणमोराला त्याचं तण द्या

गंगेच्या डॉल्फिनची शिरगणती झाली. २०२५ मध्ये आकडा जाहीर झाला, ६,३२४. संकटातलाच जीव, पण त्याच्या नावावर राष्ट्रीय जलचराचा मान आहे, स्वतंत्र प्रकल्प आहे. वऱ्हाडकरहो, आपल्या तणमोराच्या नावावर काय आहे? सातबाऱ्यावर ‘पडीक’ म्हणून लिहिलेली, गावचराईची ई-क्लास जमीन, तीही अतिक्रमणातून उरली तर!

कोंबडीएवढा हा पक्षी. पावसाळ्यात नर काळाभोर होतो, डोक्यामागे तुरे फुटतात आणि दिवसातून शेकडो वेळा तो गवतातून थेट माणसाच्या उंचीएवढी उडी घेतो. कशासाठी? गवतात दडलेल्या मादीला दिसावं म्हणून. म्हणजे गवत उंच हवं, मोकळंही हवं. गुरांनी ते खुरटवलं तर मादीला अंडी लपवायला आडोसा नाही. त्यावर झाडं लावली तर कुरणच संपलं. वृक्षारोपणाचे फोटो काढणाऱ्यांना हे कोणी सांगावं?

१९९९ मध्ये देशभरात साडेतीन हजार तणमोर असावेत, असा अंदाज होता. पुढे अभ्यासकांना हजाराचीही खात्री देता येईना. २०२१ मध्ये तो जगाच्या अतिसंकटग्रस्त यादीत गेला.

अकोला-वाशीमच्या माळांवर मात्र एक वेगळी गोष्ट घडली. इंग्रजांच्या कायद्याने ज्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्या फासेपारध्यांना सोबत घेऊन ‘संवेदना’ संस्थेने तणमोराचं काम उभं केलं. पक्षी कुठे दडतो, मादी कुठे बसते, हे फासे लावणाऱ्या हातांइतकं कोणाला ठाऊक असणार? तेच हात आता विणीच्या जागा राखतात. संशोधन म्हणतात ते याहून वेगळं काय असतं, मला कळत नाही.

तेव्हा उठा! येत्या ग्रामसभेत ई-क्लासचा विषय लावा. कोणता तुकडा पोळ्यापर्यंत चराईला बंद, ते गुराख्यांना सोबत बसवून ठरवा. तिथे झाडांसाठी खड्डे खणायला आलेल्यांना परत पाठवा. तणमोराची नोंद पारधी बेड्यावरच्या पोरांना करू द्या, आणि त्या कामाचा रोजही द्या. कृषी महाविद्यालयातल्या पोरांनो, अकोल्यात बसून सोयाबीनच्या फवारणीवर अभ्यास करता ना? एकदा त्याच पिकात मादी बसते का, तेही बघायला या.

आणि शेतकरी दादा, डवऱ्यापुढून एखादी मादी फडफडत उडाली तर बैल थांबवा. मातीवर तीन-चार अंडी दिसतील. तेवढा चार हातांचा तुकडा यंदा तिच्याकडे राहू द्या.