सैतान दिसला, धर्मगुरू हरवला

भयपटाचा विषय निघाला की आपल्या कुटुंबांत दोन मते हमखास ऐकू येतात. श्रद्धावंताने असले काही पाहूच नये, हे एक. आणि ‘करमणूकच ती, मनावर कशाला घ्यायची?’ हे दुसरे. विल्यम फ्रीडकिन यांच्या १९७३ सालच्या ‘द एक्झॉर्सिस्ट’ला ही दोन्ही मते अन्याय करतात, असे आम्हांला वाटते. आमची तक्रार आहे ती त्याच्या नावावर पुढे निघालेल्या चित्रपटांविषयी.

मूळ चित्रपटाची आठवण निघते ती गरकन फिरणाऱ्या मानेची आणि हिरव्या ओकारीची. परंतु कथेचा प्राण आहे फादर डेमियन कॅरस. हा येशूसंघीय मानसोपचारतज्ज्ञ आईच्या मृत्यूने खचला आहे, त्याची श्रद्धा डळमळली आहे. डॉक्टरांचे सारे उपाय थकल्यावर एक आई त्याच्याकडे येते. तो लगेच भूत काढायला धावत नाही. खात्री करून घेतो, बिशपांची अनुमती मागतो. अखेर परक्या लेकरासाठी तो सैतानाला स्वतःवर ओढून घेतो आणि प्राण देतो. मरणोन्मुख कॅरसचा हात धरून त्याचा धर्मगुरू मित्र त्याला पापक्षमा देतो. ती भूमिका करणारे विल्यम ओ’मॅली प्रत्यक्षातही येशूसंघीय धर्मगुरू होते.

आता पुढचे पाहा. वृद्ध फादर मेरिन यांची पूर्वकथा पॉल श्रेडर यांनी चित्रित केली. महायुद्धात एक नाझी अधिकारी मेरिनना गोळ्या घालण्यासाठी दहा माणसे निवडायला लावतो. त्या अपराधभावनेतून चित्रपट उलगडतो. निर्मात्यांना तो पुरेसा भीतिदायक वाटला नाही! त्यांनी तो बाजूला ठेवला आणि रेनी हार्लिन यांच्याकडून जवळजवळ सगळा नव्याने चित्रित करवून २००४ साली प्रदर्शित केला. त्यात नाझी प्रसंग उरला तो तुटक आठवणींपुरता. भर पडली ती तरसांनी फाडलेल्या मुलाची आणि अळ्यांनी वळवळणाऱ्या अर्भकाची. श्रेडर यांचा ‘डोमिनियन’ लोकांसमोर आला तो २००५ साली. २०२३ च्या ‘बिलीव्हर’मध्येही धर्मगुरू मरतो, पण कसा? मान पिरगळून, क्षणभर दचकवण्यापुरता. कॅरसने प्राण अर्पण केला होता; इथे तो केवळ हिसकावला जातो.

‘प्रेक्षकांना हेच हवे असते,’ असे यावर सांगितले जाते. आम्ही विचारतो, मग पन्नास वर्षांनंतरही लोक कॅरसकडेच का वळतात?

हा वाद पडद्यापुरता नाही. दुष्टता म्हणजे किळस आणि धर्मविधी म्हणजे जादूचा खेळ, असे ज्या मनावर ठसते, ते घरातले माणूस मनाने आजारी पडले की डॉक्टरांऐवजी भगताचे दार ठोठावते. ख्रिस्तसभेचा नियम मात्र कॅरसच्या वाटेचा आहे: बिशपांच्या स्पष्ट अनुमतीवाचून कोणीही हा विधी करू नये.

लहानांना मूळ चित्रपटही दाखवू नये. मोठ्या मुलांनी पाहिलाच, तर पालकांनी सोबत बसावे आणि शेवटी एकच प्रश्न विचारावा: सैतान कसा दिसला हे नव्हे, तर तो कशापुढे हरला?