घोकणें आणि मेंदूंतील गलबला

गेल्या श्रावणांत डोंबिवलीस आमच्या घरीं नातू रामरक्षा म्हणत होता. आदल्या सायंकाळीं अस्खलित आलेल्या श्लोकावर तो अडला. मी खेकसलों, "काल येत होतें, आज कुठें गेलें?" पोर रडवेलें झालें. सून हलकेंच म्हणाली, "मामंजी, काल आलें म्हणून आज यायलाच हवें का?" या प्रश्नानें मला पुस्तकें चाळावयास लाविलें.

मेंदूंतील दोन मज्जापेशींच्या सांध्यावर एकीचा निरोप दुसरीस रासायनिक द्रव्याच्या इवल्या पुड्यांनीं पोंचतो. फॅट व कॅट्झ यांनीं १९५२ सालीं बेडकाच्या स्नायूवर दाखविलें कीं, निरोप नसतांहि एखादी पुडी आपोआप सुटते. उलट, स्मृतीशीं निगडित अशा हिप्पोकॅम्पस भागांतील कित्येक सांध्यांवर निरोप येऊनहि बहुतेक वेळां पुडी सुटत नाहीं. पुढें पुण्याच्या ‘आयसर’ संस्थेंत संशोधन करूं लागलेल्या सुहिता नाडकर्णी यांनीं २०१० सालीं सहकाऱ्यांसह अशा सांध्याचें गणिती प्रतिरूप संगणकावर उभारलें.

मग असा लहरी सांधा शिकतो कसा? १९४९ सालीं डोनाल्ड हेब यांनीं सुचविलें कीं, एक पेशी दुसरीस वारंवार चेतवूं लागली म्हणजे त्यांचा सांधा बळावतो. पुढील प्रयोगांत दिसलें कीं, अनेक सांध्यांत पहिली पेशी दुसरीच्या किंचित् आधीं, सेकंदाच्या सुमारें पन्नासाव्या भागांत, चेतली तर सांधा बळावतो. क्रम उलटला तर दुबळा होतो.

येथें गलबला शिरतो. आपोआप चेतलेल्या पेशींची गांठ योगायोगानेंहि पडते व सांधा विनाकारण बदलतो. मात्र योगायोगाला ठराविक क्रम नसतो. त्याची वाढ व घट बऱ्याच अंशीं एकमेकींस छाटतात. खरा क्रम दर आवृत्तींत एकाच बाजूस भर घालतो. ठाण्यास मास्तरकी करीत असतां डोंबिवलीच्या फलाटावर मला रोज असंख्य चेहरे दिसत. त्याच वेळीं त्याच जागीं उभा राहणारा तेवढा ओळखीचा झाला, तसेंच हें.

गलबला अतोनात झाला तर जुनी खूण पुसट होते. थोडा असला तर उपकारीहि ठरतो. उंबरठ्याशीं अडलेला क्षीण निरोप त्याच्या धक्क्यानें पलीकडे जातो. अर्थात् हा गलबला पेशींच्या आंतला. अभ्यासाच्या वेळीं टीव्ही चालू ठेवण्यास यांत आधार नाहीं!

नातवाच्या त्या चुकीचें कारण हेंच, असें मी म्हणत नाहीं. पण एका अडखळण्यावरून विसरल्याचा निवाडा देणें चूक, हें मला उशिरां उमगलें. तेवढ्यासाठीं मीं किती मुलांना बाकावर उभें केलें असेल! वैदिकांनीं पद, क्रम, जटा, घन असे पाठ रचले, ते एका वेळच्या म्हणण्यावर विसंबले नाहींत. हें शिकविणारा मीच तें विसरलों होतों.

आतां नातू अडला कीं मी "पुन्हां पहिल्यापासून" एवढेंच म्हणतों, आणि त्याच्यासवें मीहि म्हणूं लागतों. परवां मीच अडलों. त्यानें मला तेंच सांगितलें.