इशारा कोणाच्या मालकीचा?

१८ ऑगस्ट २०२२ च्या सकाळी भूमध्य समुद्रावरून आलेल्या गडगडाटी वादळाने फ्रान्सच्या कॉर्सिका बेटाला झोडपून काढले. ताशी सुमारे २२५ किलोमीटर वेगाच्या झोताची तेथे नोंद झाली. बेटावर पाच माणसे दगावली. त्यांत तंबू ठोकून सुटी घालविणारेही होते. तेच वादळ पुढे इटली ओलांडून ऑस्ट्रियात गेले आणि तेथेही त्याने बळी घेतले. फ्रेंच वेधशाळेचा नारिंगी इशारा निघाला तो वादळ बेटाला भिडता भिडता. संगणकी गणितांनी ही तीव्रता आधी दाखविली नव्हती, हे खरे आहे. त्यामुळे एखाद्या अधिकाऱ्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून काही साधणार नाही. परंतु वादळाचे ज्ञान कोण निर्माण करतो, त्यावर मालकी कोणाची आणि ज्याला त्याची सर्वांत अधिक निकड असते त्याच्यापर्यंत ते वेळेवर का पोचत नाही, हे प्रश्न त्यामुळे टळत नाहीत.

अशा वादळाला चार गोष्टी लागतात: जमिनीलगत भरपूर ओलावा, त्यावर झपाट्याने थंड होत जाणारी हवा, तिला वर ढकलणारे एखादे निमित्त आणि उंचीनुसार वेग व दिशा बदलणारे वारे. उन्हाळ्यात स्पेनच्या पठारावरची तप्त, कोरडी हवा ईशान्येकडे सरकते आणि दमट थरावर झाकणासारखी बसते. दिवसभर उष्णता कोंडते. झाकण उडाले की काही तासांत विध्वंस होतो. हे झाकण कोणत्या गावावर उडेल, हे आदल्या दिवशी कोणीही सांगू शकत नाही. कोणत्या प्रदेशात धोका किती, एवढे मात्र सांगता येते. नेमका इशारा रडारवर ढग दिसू लागल्यावरच, अनेकदा अर्धा-पाऊण तास आधी देता येतो. तात्पर्य, येथे यंत्राइतकीच अनुभवी माणसाची गरज असते.

वादळाला सरहद्द ठाऊक नसते; वेधशाळांना असते. प्रत्येक देशाची वेधशाळा आपल्या हद्दीपुरता इशारा देते. ज्या २००२ साली युरोपातील बारा देशांनी एकच नाणे चलनात आणले, त्याच साली हवामानशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांनी ‘एस्टोफेक्स’ हा उपक्रम सुरू केला आणि साऱ्या खंडासाठी एक ते तीन अशा धोक्याच्या पातळ्या दाखविणारे नकाशे विनामोबदला काढले. त्यांचे श्रेय मोठे आहे. पण बाजारपेठ एक करण्यास ज्या राज्यकर्त्यांना सवड मिळाली, त्यांनी खंडव्यापी वादळाचा अंदाज तरुणांच्या फावल्या वेळेवर सोडावा, हे कोणते नियोजन?

ज्ञान असूनही ते जनतेला न देण्याची परंपरा जुनी आहे. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून सरकारी अंदाजात ‘टोर्नाडो’ हा शब्दच वर्ज्य होता; लोक घाबरतील, ही सबब. २५ मार्च १९४८ रोजी ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी टोर्नाडोचे यशस्वी भाकीत केले. पाचच दिवसांपूर्वी त्याच तळावर एक टोर्नाडो आदळून गेला होता. या वेळी विमाने वेळेत सुरक्षित झाली. तळाबाहेरच्या नागरिकांना असे सरकारी अंदाज मिळू लागण्यास १९५२ साल उजाडावे लागले. विमानाला जो इशारा मिळाला, तो माणसाला मिळण्यास चार वर्षे लागली.

आज जुन्या सबबीची जागा बाजाराने घेतली आहे. २००५ साली अमेरिकेच्या सिनेटमध्ये रिक सँटोरम यांनी असे विधेयक आणले, की खाजगी कंपन्या जी सेवा देऊ शकतात ती सरकारी वेधशाळेने देऊ नये. जीवितरक्षणाचे इशारे त्यातून वगळले होते आणि विधेयक मंजूरही झाले नाही. पण वृत्ती उघड झाली. जर्मनीत एका खाजगी कंपनीच्या फिर्यादीवरून सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०२० साली निर्णय दिला, की सरकारी वेधशाळेने आपल्या ॲपवर इशारे फुकट द्यावेत, पण सर्वसाधारण हवामान फुकट देऊ नये. करदात्याच्या पैशावर चालणारी संस्था स्पर्धेत उतरली तर उद्योग बुडतात, हा कंपन्यांचा युक्तिवाद. वस्तुतः उपग्रह, रडार आणि फुगे उभारले ते करदात्यानेच. त्याच निरीक्षणांवर व्यापारी वेष्टन चढवून ती त्यालाच विकणे, ही स्पर्धा नव्हे; एकाच मालाची दुसऱ्यांदा वसुली आहे.

दिलासा देणारी बाबही आहे. मध्यम पल्ल्याच्या अंदाजांसाठी युरोपीय राष्ट्रांनी १९७५ साली उभारलेल्या केंद्राने १ ऑक्टोबर २०२५ पासून आपली अंदाजविषयक सर्व माहिती सर्वांना खुली केली. मात्र त्याच वर्षी अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेतील शेकडो जागा कमी झाल्या आणि काही ठिकाणी फुगे सोडणेही थांबले. फ्रेंच वेधशाळेतही कॉर्सिकाच्या आधीच्या दशकात मनुष्यबळ कापले गेले होते. माहितीचे दार उघडायचे आणि ती गोळा करणारे हात तोडायचे, ही उदारता फसवी आहे.

इशारा पोचला तरी तो पाळण्याचे स्वातंत्र्य सर्वांना सारखे नसते. कचेरीतला माणूस खिडकी लावून घेतो. परातीवर चढलेला गवंडी आणि द्राक्षमळ्यातला रोजंदार मुकादमाच्या तोंडाकडे पाहतो. भारतात विजेने दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसे मरतात, त्यांत शेतात राबणाऱ्यांचा भरणा मोठा. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ हे ॲप तयार केले, ही स्वागतार्ह गोष्ट. पण वळिवाच्या दुपारी काम थांबविले तर मजुरी कापली जाणार असेल, तर त्या ॲपने मजुराने काय करावे?

म्हणून मागणी स्पष्ट हवी. निरीक्षणे आणि अंदाज ही सार्वजनिक मालमत्ता मानावी. वेधशाळांत पुरेशी कायम माणसे नेमावीत. इशाऱ्याच्या वेळी उघड्यावरचे काम मजुरी न कापता थांबविण्याचा हक्क कायद्याने द्यावा. वादळ अडविणे कोणाच्या हाती नाही. पण आसरा कोणाला मिळावा आणि कोणाला मिळू नये, हे निसर्ग ठरवीत नाही. ते माणसांची व्यवस्था ठरविते, आणि व्यवस्था बदलता येते.