गच्चीवरील पवनचक्की आणि शेजाऱ्याची झोप

वारा कोणाच्या मालकीचा नाही. त्याची नोंद सातबाऱ्यावर होत नाही आणि त्यावर घरपट्टीही बसत नाही. परंतु त्या वाऱ्यापासून वीज काढणारे यंत्र मात्र कोणाच्या तरी मालकीच्या जागेत, कोणाच्या तरी पैशाने उभे राहते. आणि त्याचा आवाज, त्याच्या पात्यांची फिरती सावली व ते कोसळण्याची भीती मालकाच्या कुंपणाशी थांबत नाही. घरगुती पवनचक्कीच्या नियमांचा सारा प्रश्न या विसंगतीत सामावलेला आहे. लाभ एकाच्या वीजमीटरवर दिसतो. उपद्रव झालाच तर तो दुसऱ्याच्या खिडकीतून आत येतो. म्हणून असा नियम करताना मोजमापास आरंभ कोठून करावा, असे कोणी विचारले तर आमचे उत्तर एकच आहे : शेजाऱ्याच्या खिडकीपासून.

हा विषय आज पहिल्या पानावर घेण्याचे कारण आहे. गच्चीवर वीज निर्माण करण्याची कल्पना आता मूठभर हौशी लोकांची राहिलेली नाही. केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक कोटी घरांच्या छपरांवर सौरसंच बसविण्याची योजना जाहीर केली. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने २०१९ साली छपरावरील वीजनिर्मितीसंबंधी जे विनियम केले, त्यांच्या नावातच केवळ सूर्याचा नव्हे, तर नवीकरणीय ऊर्जेचा उल्लेख आहे. आषाढ-श्रावणात आभाळ भरून येते, सौरपॅनेलची वीज घटते आणि नेमका त्याच दिवसांत नैर्ऋत्येचा वारा दारे-खिडक्या आपटू लागतो. अशा वेळी ‘गच्चीवर एखादी लहानशी पवनचक्कीही असावी’ असे सुशिक्षित गृहस्थास वाटणे स्वाभाविक आहे. हा विचार उपहासाचा नाही. परंतु आधी बांधावे, मग भांडावे आणि शेवटी दंड भरून नियमित करून घ्यावे, ही आमच्या शहरांची जुनी रीत याही बाबतीत चालू राहिली, तर एका चांगल्या साधनाची विनाकारण बदनामी होईल.

नियमांकडे वळण्यापूर्वी थोडे गणित करणे आवश्यक आहे. वाऱ्यातील शक्ती त्याच्या वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट झाला की शक्ती आठपट होते. वेग निम्म्यावर आला की शक्ती एक अष्टमांश उरते. सुमारे २.२ मीटर व्यासाच्या पात्यांचे यंत्र घ्या. सेकंदाला ४ मीटर वेगाच्या वाऱ्यात चांगल्या बनावटीच्या अशा यंत्रापासून सुमारे ४५ वॅट, म्हणजे पाच एलईडी दिव्यांपुरती वीज मिळेल. तोच वारा ८ मीटर वेगाने वाहिला तर साडेतीनशे वॅट मिळतील. आता शहरातल्या वाऱ्याचे काय होते ते पाहू. इमारती, पाण्याच्या टाक्या, जिन्यावरच्या खोल्या आणि झाडे यांवर आपटून तो मंदावतो, वळतो, भोवरे करतो. म्हणूनच या क्षेत्रातील जाणत्यांचा ठोकताळा असा आहे की, यंत्राची पाती ३०० फुटांच्या परिसरातील सर्वांत उंच अडथळ्याच्या किमान ३० फूट वर असावीत. येथेच खरा पेच उत्पन्न होतो. वाऱ्यासाठी मनोरा उंच हवा आणि शेजाऱ्यासाठी तो ठेंगणा हवा. या दोन मागण्यांचा मेळ घालणे हेच नियमकर्त्याचे काम आहे.

मेळ न घालता यंत्रे बसविली तर काय होते, याचा दाखला इंग्लंडने दिला आहे. तेथे २००७-०८ या काळात इमारतींवर बसविलेल्या २६ लहान पवनचक्क्यांची वॉरिक येथील चाचणी म्हणून ओळखली जाणारी पाहणी झाली. तिचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुरुस्तीसाठी यंत्रे बंद राहिली तो काळ धरून प्रत्येक यंत्रामागे दिवसाला सरासरी २१४ वॅट-तास वीज निघाली. महिन्याचा हिशेब साडेसहा युनिटांच्या आत राहिला! आपल्या घरातला साधा पंखा एवढ्या विजेवर दिवसातून तीन तासही चालणार नाही. काही ठिकाणी तर यंत्राच्या स्वतःच्या विद्युत उपकरणांनी त्याने निर्माण केलेल्या विजेहून अधिक वीज खर्च केली. हा दोष वाऱ्याचा नव्हता. बहुतांशी तो जागेच्या निवडीचा होता. कारखान्यातल्या कसोटीचे आकडे पाहून विकत घेतलेले यंत्र शहरातल्या छपरावर तसेच चालेल, असे मानणाऱ्यांस वाऱ्याने दिलेला हा धडा आहे.

इंग्लंडने नंतर जो नियम केला तो अभ्यासण्याजोगा आहे. १ डिसेंबर २०११ पासून तेथे ठरावीक मर्यादेतील घरगुती पवनचक्कीस नियोजन-परवानगीचा वेगळा अर्ज करावा लागत नाही. मर्यादा ओलांडावयाची असेल तर अर्ज करावा लागतो. छपरावरची पवनचक्की चारही बाजूंनी सुट्या असलेल्या इमारतीवरच चालते, सामाईक भिंतीच्या ओळघरावर नव्हे. पात्याचे टोक छपराच्या माथ्यापासून ३ मीटरहून वर आणि जमिनीपासून एकूण १५ मीटरहून उंच जाता कामा नये. जमिनीवर मनोरा उभा केला तर त्याची कमाल उंची ११.१ मीटर, आणि तो कुंपणापासून आपल्या उंचीहून एक दशांश अधिक इतका दूर हवा. या शेवटच्या अटीत मोठे शहाणपण आहे. मनोरा उद्या मुळासकट कोसळला तरी तो मालकाच्याच अंगणात पडावा, असा तिचा सरळ अर्थ आहे. पाती फिरून व्यापतात ते क्षेत्र ३.८ चौरस मीटरांहून अधिक नको, जागेत यंत्र एकच हवे आणि गरज संपताच ते काढून टाकले पाहिजे, अशाही अटी आहेत. ध्वनीची अट तर फारच बोलकी आहे. आवाज मोजावयाचा तो शेजाऱ्याच्या राहत्या खोलीच्या खिडकीपासून एक मीटरवर, आणि तो ४२ डेसिबलच्या आत असला पाहिजे. ज्याला ऐकावे लागते त्याच्या कानाशी माप लावणारा हा नियम आहे. त्यात एक उणेपणही आहे. इतक्या ठेंगण्या यंत्रास दाट वस्तीत चांगला वारा क्वचितच लाभतो. परंतु जेथे वारा पुरेसा नाही तेथे यंत्रही नसावे, असाच त्याचा अर्थ घेतला तर त्यात तोटा कोणाचाच नाही.

माप चुकीच्या ठिकाणी लागले की काय होते, हे अमेरिकेतील न्यू जर्सी राज्याच्या एका खटल्यात दिसले. ब्रिगॅन्टीन या समुद्रकाठच्या गावी एका गृहस्थाने रीतसर परवाना घेऊन ६० फूट उंचीच्या मनोऱ्यावर पवनचक्की उभारली. हेतू विजेचा खर्च वाचविण्याचा, म्हणजे सर्वथा चांगला होता. परंतु मनोरा शेजाऱ्याच्या हद्दीपासून केवळ १० फुटांवर होता. गावाची ध्वनिमर्यादा ५० डेसिबलची असता आवाज ५६ ते ६१ डेसिबल भरला. शेजाऱ्यांनी झोपमोडीची व मनःस्वास्थ्य बिघडल्याची तक्रार केली. १९८२ मध्ये न्यायालयाने हा खाजगी उपद्रव असल्याचा निर्णय दिला आणि यंत्र चालविण्यास मनाई केली. पर्यायी ऊर्जेचे समाजाला असलेले महत्त्व न्यायालयास ठाऊक नव्हते असे नाही. पण समाजाच्या भल्याचा भार एकट्या शेजाऱ्याच्या निद्रेवर टाकता येत नाही, हेच त्या निकालाचे तात्पर्य होय. ज्याने पैसा घातला त्याचा पैसा गेला, ज्यांची झोप गेली त्यांना ती न्यायालयातून परत मिळवावी लागली. मनोऱ्याच्या अंतराचा एक ओळीचा नियम आधी असता तर दोन्ही घरे या तापातून वाचली असती.

त्याच राज्याने जानेवारी २०१० मध्ये दुसऱ्या बाजूने कायदा केला. नगरपालिकांनी लहान पवनचक्क्यांना सरसकट बंदी करू नये, उंचीच्या दीडपटीहून अधिक अंतर मागू नये आणि हद्दीवर ५५ डेसिबलहून कडक ध्वनिमर्यादा घालू नये, असे त्याने ठरविले. सलग १८ महिने बंद असलेले यंत्र टाकून दिलेले समजावे, अशीही तरतूद केली. स्थानिक संस्था भीतीपोटी चांगल्या गोष्टीस सरसकट नकार देतात, या अनुभवातून असे कायदे जन्मतात. आणि तो अनुभव आपल्यालाही अपरिचित नाही. तथापि, ५५ डेसिबलचा आकडा आपल्याला उचलता येणार नाही. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा घातलेली आहे. सूर्य मावळला की सौरपॅनेल झोपते. पवनचक्की झोपत नाही. तिच्या बाबतीत रात्रीची मर्यादा हीच खरी मर्यादा मानली पाहिजे.

आमच्या शहरांची घडण ध्यानात घेतली तर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. येथे शेजारी कुंपणापलीकडे नसतो. तो खाली, वर आणि भिंतीपलीकडे असतो. गच्ची सोसायटीची, मनोऱ्याचा पाया वरच्या मजल्यावरील कुटुंबाच्या छतावर आणि त्या यंत्राची थरथर त्यांच्या शय्यागृहात! शिवाय उंचावर बांधलेल्या वस्तूकडे केलेल्या दुर्लक्षाची किंमत आम्ही मोजलेली आहे. १३ मे २०२४ रोजी घाटकोपर येथे वादळी वाऱ्यात एक अवाढव्य जाहिरातफलक पेट्रोल पंपावर कोसळला आणि १७ माणसे प्राणास मुकली. मर्यादा ४० फुटांची असता तो फलक १२० फुटांचा होता. गच्चीवरची पवनचक्की त्यामानाने चिमुकली असेल. पण जी वस्तू वाऱ्यात उभी राहण्यासाठीच बांधली जाते, तिच्या बाबतीत तरी वादळाचा विचार आधी व्हावा की नाही?

म्हणून महापालिकांनी आणि राज्याच्या नगरविकास खात्याने पुढील गोष्टी आकड्यांत बांधलेल्या नियमाच्या रूपाने जाहीर कराव्यात, अशी आमची मागणी आहे. पहिली, जमिनीवरील मनोरा शेजाऱ्याच्या हद्दीपासून आपल्या उंचीहून एक दशांश अधिक अंतरावर असावा. दुसरी, सामाईक गच्चीवर यंत्र बसविण्यास संरचना अभियंत्याचा दाखला, सोसायटीच्या सर्वसाधारण सभेची संमती आणि वरच्या मजल्यावरील कुटुंबांची लेखी संमती या तिन्ही गोष्टी लागाव्यात. तिसरी, आवाज शेजाऱ्याच्या खिडकीपासून एक मीटरवर, जोराच्या वाऱ्यात आणि रात्री मोजावा. तो ४५ डेसिबलच्या आत भरला नाही तर यंत्र थांबवावे. चौथी, यंत्र लहान पवनचक्क्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार तपासलेले असावे आणि विक्रेत्याने नियोजित जागेच्या वाऱ्यावरून अपेक्षित विजेचा लेखी अंदाज ग्राहकास द्यावा. पाचवी, बंद पडलेले यंत्र ठरावीक मुदतीत मालकाने स्वखर्चाने उतरवावे. आणि सहावी, जी महत्त्वाने शेवटची नव्हे : या अटी पुऱ्या करणाऱ्यास ठरलेल्या दिवसांत परवानगी मिळालीच पाहिजे. तेथे अधिकाऱ्याच्या मर्जीस जागा नसावी.

यावर कोणी म्हणेल, नवी गोष्ट रुजण्यापूर्वीच तिला नियमांनी का जखडता? हा आक्षेप मनापासून घेतला जातो, म्हणून त्याला उत्तर दिले पाहिजे. आमच्याकडे उपक्रमशील माणसास जखडते ती नियमांची संख्या नव्हे, तर त्यांची अस्पष्टता. ‘योग्य ती काळजी घ्यावी’ अशा मोघम वाक्यामुळेच फाइल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहते. ‘उंची अधिक एक दशांश’ हे वाक्य शाळकरी मुलासही फूटपट्टी घेऊन पडताळता येते. त्याच्या आधारे मालक हक्काने बांधू शकतो आणि शेजारी हक्काने हरकत घेऊ शकतो. असा नियम करताना शहर आणि मोकळा मुलूख यांतला फरकही ओळखला पाहिजे. साताऱ्याजवळ वनकुसवडे आणि चाळकेवाडी येथे पवनचक्क्या उभ्या राहिल्या त्या सह्याद्रीच्या उघड्या पठारांवर. कारण वारा तेथे विनाअडथळा येतो. कोकणकिनाऱ्यावरील एखादी वाडी किंवा घाटमाथ्यावरील एखादी शाळा यांना जागा भरपूर आहे, वारा आहे आणि शेजार दूर आहे. तेथे उंच मनोऱ्यास परवानगी सुलभ असावी. अंतराचा नियम मात्र तोच राहावा. दाट वस्तीतल्या बहुतेक गच्च्यांवर सौरपॅनेल हेच अधिक शहाणपणाचे ठरेल, हे सांगण्यात पवनऊर्जेचा अपमान नाही.

कोळशाचा धूर कमी व्हावा, असे आम्हांसही वाटते. आणि त्यासाठी नागरिक आपल्या पदरचा पैसा घालावयास सिद्ध होत असतील तर त्यांचे अभिनंदनच केले पाहिजे. परंतु सत्कार्य करणारास शेजाऱ्याची संमती गृहीत धरता येत नाही. शाळेतील मुले आपले बाक सरकवू लागली की आम्ही त्यांना मागे वळून पाहावयास सांगत असू; मागच्याला बसावयास जागा उरली आहे ना, एवढेच पाहावे. नगररचनेचे सारे शास्त्र याहून फार निराळे नाही. पहिल्या गच्चीवरचे पहिले यंत्र फिरू लागण्यापूर्वी हा नियम कागदावर यावा. तक्रार आल्यानंतर केलेला नियम एका बाजूस शिक्षेसारखा वाटतो. तक्रारीच्या आधी केलेला नियम दोन्ही बाजूंना आपला वाटतो.