शेख महंमदांनी न लिहिलेला अभंग

माझी भाची आठवीत आहे. शाळेने संतकवींवर प्रकल्प करायला सांगितला, तिने श्रीगोंद्याचे शेख महंमद निवडले. मला बरे वाटले. दोन दिवसांनी वही घेऊन आली, "मामू, एकदा बघ ना."

माहिती नीटनेटकी होती. शेवटी शेख महंमदांच्या नावाने एक अभंग होता आणि त्यात 'सकारात्मक' हा शब्द! चारशे वर्षांपूर्वीचा संत 'सकारात्मक' म्हणतो? विचारल्यावर कळले, सगळे मोबाइलमधल्या एआयने दिले होते.

मग मीच प्रयोग करत बसलो. तोच प्रश्न तीनदा विचारला, तीन वेगळे अभंग मिळाले. कोणत्या ग्रंथातला, विचारले, तर 'योगसंग्राम'. तो ग्रंथ खरोखर त्यांचाच, पण तो ओवीबद्ध आहे. हे सांगितले तेव्हा यंत्राने नम्रपणे माफी मागितली आणि लगेच चौथी रचना हाती ठेवली. गुरूंचे नावही चुकवले. चांद बोधले हे नाव मलाच सांगावे लागले.

हमीद दलवाईंबद्दल विचारले, तर 18 एप्रिल 1966 चा सात महिलांचा मोर्चा आणि 1970 मधली मुस्लिम सत्यशोधक मंडळाची स्थापना, दोन्ही बिनचूक. पण त्यांच्या 'इंधन' कादंबरीचे कथानक विचारताच गाडी घसरली. कोकणातली गोष्ट कुठल्या कुठे नेली. शाहीर अमर शेख संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात होते हे त्याला ठाऊक, पण बार्शीत जन्मलेल्या या माणसाचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, हे नाही. तिथेही एक नवेच नाव तयार!

यात यंत्राचा कावा नाही. समोरच्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त, हे वाचलेल्या मजकुरावरून ठरवायचे, एवढेच ते करते. तलाक, मोर्चे, वाद यांवर इंग्रजीत भरपूर लिहिले गेले, म्हणून तिथे ते सहसा चुकत नाही. आमच्या ओव्या, पोवाडे, कादंबऱ्या इंटरनेटवर फारशा नाहीत, तिथे ते बेधडक भर घालते. म्हणजे भांडणातला मुसलमान त्याला पाठ आहे, मराठीत लिहिणारा नाही.

गंमत म्हणून 'मुस्लिम मराठी लेखक' असे चित्र काढायला सांगितले. दाढी, जाळीची टोपी, आणि समोरच्या कागदावर उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरे. मला दाढी नाही, टोपी नमाजेपुरती, आणि लिहितो देवनागरीत.

वीजबिलाच्या तक्रारीचा अर्ज मी याच एआयकडून लिहून घेतो. फार सुबक लिहितो, माझ्यापेक्षा चांगला. म्हणूनच भीती वाटते. चुकीचे शुद्धलेखन शिक्षकांना दिसते, शुद्ध मराठीतली थाप दिसत नाही. 'मला माहीत नाही' एवढे साधे वाक्य त्याच्याकडून मला एकदाही ऐकायला मिळाले नाही.

मी भाचीला तो अभंग खोडायला लावला. ती वैतागली. "मग खरा कुठून आणू?"

शोधले, फोनवर सापडेना. शेवटी वाचनालयातून 'योगसंग्राम'ची जीर्ण प्रत आणली. तिने दोन ओव्या वहीत उतरवल्या आणि अर्थ विचारला. एका ओवीचा मला लागला. दुसरीसाठी आम्ही शेजारच्या निवृत्त मराठीच्या बाईंकडे गेलो. त्यांनाही एक शब्द अडला. भाचीने त्यापुढे पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढले आणि वही तशीच शाळेत नेली.