कडू औषधाला कल्हई

तांब्याच्या भांड्याला कल्हई का करतात, हे आमच्या कारागीर बांधवांना सांगायला नको. पातळ थरामुळे अन्न कळकत नाही. कडू औषधांनाही आता असाच लेप देतात. नॅनो तंत्रात औषधाचे कण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही बारीक असतात. त्यांवरचा काही लेप लाळेत टिकतो व पोटातील आम्लात विरघळतो. जिभेला कडू लागत नाही, गुण मात्र येतो.

पण असे औषध आईने मोसंबीच्या रसात कालवले, तर आंबटाने लेप आधीच सुटतो. मूल थुंकते, मात्रा अपुरी पडते. म्हणून औषध कशाबरोबर द्यावे, हे आमच्या विक्रेत्या बांधवांनी गिऱ्हाइकाला सांगावे. ते न सांगता नुसत्या ‘नॅनो’ नावावर जादा दाम घेणे, हा आमच्या मते सचोटीचा व्यापार नव्हे.