जुना गळ, लाकडी मासोळी आणि मुलांचा 'जुने ते सोने' निबंध



'जुने ते सोने' या विषयावरचे निबंध आपण सगळ्यांनीच तपासले आहेत. जातं, पाटा-वरवंटा, कंदील, रेडिओ. मग एक ठरलेलं वाक्य येतं, "काळाच्या ओघात या वस्तू नाहीशा झाल्या." या वाक्याला आपण बरोबरची खूण करतो, वर 'छान' असा शेराही देतो. मला मात्र हे वाक्य खटकतं. काळाला काही हात नसतात. वस्तू कुणीतरी बनवलेली असते, कुणीतरी वापरलेली असते आणि ती मागे पडायलाही काहीतरी कारण घडलेलं असतं. ते कारण मुलाला विचारायला न लावता आपण त्याला नुसते उसासे टाकायला शिकवतो आहोत, असं माझं स्पष्ट मत आहे.

उदाहरणासाठी मी मुद्दाम एक वेगळी वस्तू घेतो. मासे पकडण्याची जुनी साधनं, त्यातही माशाला फसवणारं खोटं आमिष, म्हणजे लाकडाची किंवा धातूची मासोळी.

फिनलंडमध्ये लौरी रापाला नावाचा एक गरीब मच्छीमार होता. लांबच लांब दोरी, तिला ओळीने गळ आणि प्रत्येक गळाला जिवंत लहान मासा, अशी त्याची पद्धत. वल्हवत जायचं, दोरी ओढायची, आमिष बदलायचं. यात दिवस संपायचा. पण हे करता करता तो पाण्यात बघत असे. त्याच्या एक गोष्ट ध्यानात आली. मोठा शिकारी मासा छोट्या माशांच्या थव्यावर झडप घालतो, तेव्हा तो सगळ्यांत धष्टपुष्ट मासा निवडत नाही. जो किंचित लंगडतोय, कडेला झुकत पोहतोय, बाकीच्यांपेक्षा वेगळा हलतोय, त्यालाच तो धरतो. मग 1936 साली रापालाने चांभाराच्या सुरीने बुचाच्या लाकडाचा एक मासा कोरला. चमक हवी म्हणून चॉकलेटच्या वेष्टनातला चंदेरी कागद गुंडाळला. लाख-रोगण घ्यायला पैसे नव्हते, म्हणून फोटोच्या जुन्या निगेटिव्ह वितळवून त्याचा थर वरून दिला. आणि मासोळी पाण्यात ओढल्यावर जखमी माशासारखी डगमगली पाहिजे, यासाठी ती पुन्हापुन्हा तासली.

बघा, यात किती विषय आले! निरीक्षण आलं, तरंगण्याचं विज्ञान आलं, कागदकाम आलं, टाकाऊतून टिकाऊ तर आलंच (जे आपण प्रदर्शनापुरतं आइस्क्रीमच्या काड्यांवर उरकतो). पुढे ऑगस्ट 1962 मध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' साप्ताहिकात या मासोळीवर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकत्याच वारलेल्या मेरिलिन मन्रोचं छायाचित्र होतं, त्यामुळे अंक घरोघरी गेला आणि रापालाच्या मासोळीची मागणी अफाट वाढली. हा भाग नशिबाचा. डगमगण्याचा भाग मात्र नशिबाचा नव्हता.

अमेरिकेत आज अशा जुन्या मासोळ्या गोळा करणारे हौशी लोक पुष्कळ आहेत. डोळे काचेचे आहेत की नुसते रंगवलेले, गळ अडकवायची कडी कशी बसवली आहे, पुठ्ठ्याचा खोका मूळचा आहे का, यावरून ते मासोळीचं वय सांगतात. ओहायोच्या रायली हॅस्केलने 1859 साली पेटंट घेतलेली तांब्याची मासोळी मोठ्या आकारात फारच दुर्मिळ. तशी एक 2003 मध्ये लिलावात एक लाख डॉलरहून जास्त किमतीला गेली. सगळ्यांत जास्त भाव कशाला, तर जी खोक्यातून बाहेरच आली नाही, जिला एकाही माशाने तोंड लावलं नाही, तिला!

मला यात गंमत वाटते आणि थोडं वाईटही वाटतं. माझं मन दात उमटलेल्या, रंग उडालेल्या मासोळीकडे जातं. 2 जून 1932 रोजी जॉर्जियातल्या जॉर्ज पेरी या विशीतल्या शेतकरी तरुणाने अशाच एका लाकडी मासोळीवर 22 पौंड 4 औंसांचा, म्हणजे जवळजवळ 10 किलोचा बास मासा पकडला. मंदीचे दिवस होते. त्याच्याकडे मासोळी ती एकच होती, असं सांगतात. विक्रमी मासा त्याने घरी नेला आणि घरच्यांनी तो खाल्ला. पेंढा भरून भिंतीवर लावायची चैन त्याला परवडणारी नव्हती. हा विक्रम 2009 पर्यंत टिकला, तेव्हा जपानमधल्या बिवा तलावात एकाने त्याची बरोबरी केली. मुलांना लिलावाची गोष्ट सांगा किंवा पेरीची. दोन्ही सांगितल्या तर उत्तमच, वर्गात भांडण चांगलं जुंपतं.

आता आपल्याकडे येऊ. कोकणातल्या शाळेत मी 'माझा छंद' हा निबंध दिला होता. मच्छीमार घरातल्या एका मुलाने लिहिलं, "मला तिकिटे जमवण्याचा छंद आहे." त्याच्याकडे एकही तिकीट नव्हतं. पण फाटलेलं जाळं सांधायला तो दहा मिनिटांत शिकवू शकत होता. गरी म्हणजे गळ बांधायच्या गाठी त्याला येत होत्या, ओहोटी केव्हा लागणार ते तो घड्याळ न बघता सांगायचा. हे 'छंद' या सदरात बसतं, किंबहुना हे ज्ञान आहे, असं त्याला कोणी सांगितलंच नव्हतं. मार्गदर्शक पुस्तकातला छंद तेवढा खरा, घरातला नाही! पालकहो, हे नुकसान मार्कांत मोजता येत नाही म्हणून ते आपल्याला दिसत नाही.

भाषेच्या तासालाही हेच. 'गळाला लागणे', 'जाळ्यात अडकणे', 'आमिष दाखवणे' हे वाक्प्रचार मुलं अर्थासकट पाठ करतात, पण गळाला मागे वळलेलं टोक का असतं ते विचारा, वर्ग गप्प. आमिष या संस्कृत शब्दाचा एक अर्थ मांस. म्हणूनच मांस नसलेलं जेवण ते निरामिष. तेव्हा रापालाची लाकडी मासोळी म्हणजे खरोखर 'निरामिष आमिष' झाली की नाही? असा एक विनोद वर्गात केला की शब्द आयुष्यभर लक्षात राहतो. आणखी एक सांगतो. पुण्याच्या मुळा-मुठेतला महसीर मासा 1839 मध्ये कर्नल साइक्स यांनी शास्त्रात नोंदवला, तेव्हा त्याला नाव दिलं 'खुद्री'. ते नाव त्यांनी इथल्या लोकांच्या तोंडून उचललं होतं. आजही त्या माशाचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री असंच आहे. नदीकाठच्या माणसांचा शब्द शास्त्राने जपला आणि आपण तो पाठ्यपुस्तकाबाहेर ठेवला.

मात्र एक सावधगिरी. जुनं ते सगळं सोनं नव्हतं. सुताची जाळी कुजायची. ती झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवावी लागत, सतत वाळवावी लागत, आणि ते कंबर मोडणारं काम घरातल्या बायामाणसांच्याही वाट्याला येई. नायलॉन आलं तेव्हा कोळीवाड्यात त्याचं स्वागत झालं ते उगाच नाही. पण नायलॉन कुजत नाही, हाच पुढे दोष ठरला. समुद्रात हरवलेलं जाळं वर्षानुवर्षं मासे, कासवं मारत राहतं. शिशाच्या वजनांचंही तसंच. ती गिळून हंस मरू लागले, म्हणून ब्रिटनने 1987 मध्ये गळाच्या लहान शिशाच्या वजनांवर बंदी आणली.

आणि रापण का कमी झाली? किनाऱ्यावरून अर्धवर्तुळात जाळं टाकायचं, दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा, सगळ्यांनी मिळून ओढायचं, हात लावणाऱ्याला वाटा. ही पद्धत 'काळाच्या ओघात' गेली नाही. कर्नाटकच्या किनाऱ्यावर 1970 च्या दशकाच्या अखेरीस पर्ससीन जाळ्यांच्या यांत्रिक बोटी आल्या. किनाऱ्याला येणारे थवे बाहेरच उचलले जाऊ लागले आणि तिथली रांपण बसली. आपल्याकडेही हा वाद इतका तापला की फेब्रुवारी 2016 मध्ये राज्य सरकारने पर्ससीनवर निर्बंध घातले. हे आठवीच्या मुलाला समजतं. समजत नाही असं आपणच धरून चालतो.

म्हणून या वर्षी निबंध देऊ नका. मुलांना घरी पाठवा, आजोबा-आजीला किंवा शेजारच्या कुणाला तरी पाच प्रश्न विचारायला. हे साधन कुणी बनवलं, कशाचं, मोडलं तर दुरुस्त कोण करायचं, यात त्रास काय होता, आणि वापरणं नेमकं कोणत्या वर्षी, कशामुळे थांबलं? गावाला समुद्र नसेल तर विहिरीची मोट घ्या, चाक घ्या, माग घ्या. साधन वर्गात आणायचं असेल तर गळाची टोकं आधी पक्कडीने तोडून घ्या आणि शिशाच्या गोळ्या मुलांच्या हातात देऊ नका.

सुरुवातीला सोपं काही हवं असेल तर 'वाव' घ्या. मच्छीमार पाण्याची खोली वावात मोजतात. दोन्ही हात आडवे पसरले की एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या टोकापर्यंत एक वाव. प्रत्येक मुलाने स्वतःचा वाव दोरीवर मोजायचा, मग भिंतीला उभं राहून स्वतःची उंची. दोन आकडे शेजारी शेजारी लिहायला सांगा आणि मुलं एकमेकांच्या वह्यांत डोकावू लागली तर त्यांना रागावू नका.